आतड्यातील जिवाणूंची चाचणी
माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. न पचलेला चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः या आम्लांवर होते. विष्ठेतील डीएनए वाचून या जिवाणूंची यादी देणाऱ्या चाचण्या आता घरबसल्या करता येतात. मात्र निरोगी मिश्रण कोणते, याचे सर्वमान्य प्रमाण ठरलेले नाही. आहार, प्रतिजैविके आणि प्रदेशानुसार हे मिश्रण बदलते. या शास्त्राचे बळ खरे आहे: क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गावर निरोगी दात्याच्या विष्ठेचे रोपण गुणकारी असल्याचे २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये सिद्ध झाले. तरीही निव्वळ अशा अहवालावरून औषध वा पथ्य ठरवू नये. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावे.