तीन महिने उलटल्यावर तपासणी कशाला?

सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घालायचे ते चौथा-पाचवा महिना लागल्यावर, ही आपल्या वस्त्यांतली जुनी रीत. आधी सांगितले तर नजर लागते, असे म्हटले जाते. खरे कारण वेगळे आहे. रोजावर जाणाऱ्या बाईला एक खाडा परवडत नाही. हिमोग्लोबिन कमी असले तर ते पुढे बरेचसे भरून काढता येते. थायरॉइडच्या बाबतीत मात्र हे पहिले तीन महिनेच मोलाचे असतात.

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तिला पुरेसे संप्रेरक तयार करायला अठरा-वीस आठवडे लागतात. मेंदूची घडण मात्र त्याआधीच सुरू झालेली असते, आणि तोवर बाळाला लागणारे संप्रेरक आईच्याच रक्तातून येते. आईच्या अंगी ते फारच कमी असेल आणि उपचार झाले नाहीत, तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा धोका वाढतो. मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. आणि लक्षणे कोणती? थकवा, झोप, बद्धकोष्ठ, वजन वाढणे. 'दिवस गेलेत, असं होणारच' असे सासू म्हणते. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात!

रक्ताच्या एका तपासणीत हे कळते. तिचे नाव टीएसएच. केंद्र सरकारने २०१४ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या 'जोखीम असलेल्या' गरोदर स्त्रियांपुरत्या. घरात कुणाला थायरॉइड आहे का, आधी गर्भपात झाले का, गळ्याला गाठ आहे का, हे विचारून मग तपासणी. ज्या बाईला आजवर कुणी तपासलेच नाही, ती काय सांगणार? सुरक्षित मातृत्वाचे २०१६ चे अभियान, दर महिन्याच्या ९ तारखेचे, तेही चौथ्या महिन्यापासूनच्या स्त्रियांसाठी आखलेले. म्हणजे सरकारची मोजणीही उशिराच सुरू होते. आमचे म्हणणे सरळ आहे. पहिल्या नोंदणीलाच प्रत्येकीची टीएसएच झाली पाहिजे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातल्या तपासण्या आणि औषधे गरोदर स्त्रीला मोफत ठरवली आहेत. तरीही 'बाहेरून करून आणा' अशी चिठ्ठी हातात पडत असेल, तर तो हक्कावर घाला आहे.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची बाब आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी कायदा झाला. गरोदर बाईच्या तब्येतीचा खर्च तिच्या एकटीच्या पदरात टाकायचा नाही, हे तेव्हाच सांगून झाले आहे.

आता थोडे आपल्या घरातले. थायरॉइड कमी निघाला तर लेव्होथायरॉक्सिनची स्वस्त गोळी मिळते. ती पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या तासाने. दवाखान्यातून लोहाची आणि कॅल्शियमची पाकिटेही त्याच पिशवीत मिळतात आणि आपल्याकडे सगळ्या गोळ्या एकदम घशात टाकायची सवय. इथेच घोटाळा होतो. लोह आणि कॅल्शियम ही गोळी अंगी लागू देत नाहीत, म्हणून मध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत. ही गोळी गरम पडते, बाळाला बाधते, असे शेजारणी सांगतात. ते खोटे आहे. बाधते ते गोळी बंद करणे. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईचा डोस गरोदरपणात बहुधा वाढवावा लागतो, म्हणून पाळी चुकताच डॉक्टरकडे जावे आणि पुढे दर चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे. थायरॉइड जास्त असण्याचा आजार वेगळा, त्याची औषधे वेगळी. एकीची गोळी दुसरीने घेऊ नये.

मिठाचेही बघा. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सुटे खडेमीठ स्वस्त पडते, पण त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. पाकिटातले आयोडीनयुक्त मीठच घ्यावे आणि डबा झाकून ठेवावा.

विहारातल्या महिला मंडळाने येत्या बैठकीत आशाताईंना बोलवावे आणि वस्तीत कुणाची पाळी चुकली आहे, हे आठवड्याच्या आत त्यांच्या कानी जाईल अशी सोय करावी. आरोग्य केंद्रात टीएसएच होत नाही, असे उत्तर आले तर ते लेखी मागावे आणि तो कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा.