प्रत्येक फील्डला सेटर कशाला?

इंजिनिअरिंग करून नव्याने कामाला लागलेल्या मुलांना जावामध्ये क्लास लिहायला सांगितला, की आधी फील्ड लिहून होतात आणि मग एका क्लिकसरशी प्रत्येकाचा गेटर-सेटर तयार होतो. नावाला सगळं प्रायव्हेट, पण सेटरमधून कुणीही यावं आणि काहीही बदलावं. ही सवय कॉलेजातच मोडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कर्जखात्याचा क्रमांक आणि कर्ज दिल्याची तारीख एकदा पडली की पडली, तिथे सेटरचं कामच काय? बँकेतही चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करून ती फिरवतात.

पण नुसता सेटर काढूनही भागत नाही. जावाची जुनी डेट आतून बदलता येते. आमच्याकडे एका रिपोर्टने खात्याकडून तारीख मागून घेतली आणि पुढचा हप्ता काढायला तिच्यावरच सेटमंथ चालवलं. हाती आलेली तारीख प्रत नव्हती, खात्यातलीच होती. कर्जाची तारीख महिनाभर पुढे सरकली, व्याज महिन्याचं कमी लागलं. खात्याचा क्लास पुन्हापुन्हा वाचूनही काही सापडेना, कारण तिथे चूक दिसतच नव्हती. ते फील्ड फायनलही होतं! फायनलमुळे फील्ड दुसऱ्या ऑब्जेक्टकडे वळवता येत नाही, इतकंच. आहे त्या ऑब्जेक्टच्या पोटात काय उलथापालथ होते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

1996 च्या पहिल्या जावातही स्ट्रिंग बदलता येत नव्हती, डेट मात्र मोकळी सोडली होती. 2014 मध्ये जावा 8 ने लोकलडेट आणली. तिला महिना वाढवायला सांगितला की नवी तारीख मिळते, जुनी जागच्या जागी राहते. 2021 मध्ये जावा 16 ने रेकॉर्ड कायम केले, त्याच वर्षी पीएचपी 8.1 मध्ये रीडओन्ली आलं. कॉटलिनमध्ये तर व्हॅल की व्हार, हे लिहितानाच ठरवावं लागतं.

दर बदलाला नवा ऑब्जेक्ट केला तर मेमरी वाया जाते, असं काही सीनियरही सांगतात. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये ते खरं आहे, तिथे स्ट्रिंगबिल्डर जरूर वापरावा. कर्जाच्या तारखेला ती सबब चालणार नाही.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एन्कॅप्सुलेशनची व्याख्या विचारण्यापेक्षा मुलाच्या कोडमधल्या एका सेटरवर बोट ठेवावं आणि तो कोण, कधी वापरणार ते विचारावं. उत्तर नाही आलं, तर तिथल्या तिथे तो काढून प्रोग्राम पुन्हा चालवायला लावावा.