आजीचं लुगडं आणि पश्चिमेची खिडकी

परीक्षेचे दिवस आणि उन्हाचे दिवस अगदी ठरवल्यासारखे एकत्र येतात, नाही का? आपल्या नंदुरबार-शहादा भागात तर मार्च उजाडला की दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट वहीवर येऊन बसतं. मग टेबल सरकव, खुर्ची सरकव, असं करण्यात निम्मा अभ्यास जातो.

यावर साधा उपाय म्हणजे पडदा. पण विकतचा पडदा महाग! म्हणून आज आपण घरातल्या जुन्या कापडाचा पडदा करू या. त्याआधी माझी एक फजिती ऐका.

मी सातवीत होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. ताईची दहावीची परीक्षा होती आणि तिचं टेबल नेमकं पश्चिमेच्या खिडकीशी. आपण गुपचूप पडदा करून सगळ्यांना चकित करायचं, असं मी ठरवलं. पेटी उघडली. तळाशी एक सुती नऊवारी लुगडं होतं. जुनंच तर आहे, म्हटलं. खिडकीची उंची मोजली, १२० सेंटिमीटर. कात्री घेतली आणि बरोबर १२० वर चर्रकन कापलं!

पडदा टांगला, तर तो खिडकीच्या वीतभर वरच संपला. दुमडायला आणि काठी ओवायला कापड लागतं, हे माझ्या गावीही नव्हतं. तेवढ्यात आजी आली. तिनं तुकडा हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “माले इचारं बी नही?”

ते लुगडं तिच्या आईचं होतं. आजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, म्हणूनच मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच राहिलेल्या कापडाची पट्टी काढली आणि पडद्याच्या तळाला जोडली. ताईनं त्याच पडद्याआड बसून परीक्षा दिली. जोड मात्र शेवटपर्यंत दिसत राहिला. तेव्हापासून माझा नियम ठरला : आधी विचारायचं, मग मोजायचं आणि सगळ्यात शेवटी कात्री! तुम्हीही हाच क्रम पाळा बरं का.

साहित्य : जुनी सुती साडी किंवा चादर, सुई-दोरा, मोजपट्टी, खडू, कात्री, बांबूची काठी किंवा पडद्याची स्प्रिंग.

कापडाची परीक्षा : कापड उजेडासमोर धरा. जिथे ते जाळीसारखं दिसेल, तिथे ते विरलेलं आहे. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर तेवढा भाग सोडा. साडी टाचेजवळच्या काठाला आणि बसायच्या जागी जास्त झिजते. चादर मधोमध विरते, कडा मात्र धडधाकट राहतात. जुन्या कापडाचा एक फायदाही आहे. ते पुष्कळदा धुतलेलं असतं, त्यामुळे नव्या सुती कापडासारखं पहिल्या धुण्यात आटत नाही.

मोजमाप : समजा, खिडकी ९० सेंटिमीटर रुंद आहे. पडदा तेवढाच रुंद केला तर तो फळ्यासारखा ताठ दिसेल आणि कडेनं ऊन आत येईल. चुण्या पडायला दीडपट ते दुप्पट कापड हवं. साडीचा पन्हा साधारण ११० सेंटिमीटर असतो. दोन तुकडे शेजारी लावले की झालं काम! आता काठीपासून जिथवर पडदा हवा, तिथवर मोजा. ते १३५ भरलं, तर वर नेफ्यासाठी १० आणि खाली दुमडीसाठी ५ मिळवा. झाले १५०. दोन तुकड्यांना तीन मीटर लागले. साडी साडेपाच मीटरची असते, म्हणजे विरलेला भाग सोडायला अडीच मीटर शिल्लक! चादर असेल तर ती मधोमध उभी कापा आणि विरलेली कड आत दुमडून टाका.

कृती : साडीला दोन्ही बाजूंना काठ असतातच, त्यामुळे बाजू शिवायला नकोत. काठ फाटका असेल तरच दुमडा. वरची कड दुमडून परकराला असतो तसा नेफा करा. धावदोरा चालेल, पण दर चार बोटांवर एक उलटा टाका घाला, म्हणजे दोरा निसटणार नाही. तळ लगेच शिवू नका! पडदा एक दिवस नुसता टांगा, लांबी डोळ्यांनी पाहा, मगच दुमडा.

आता थोडं विज्ञान. ऊन काचेतून आत आल्यावर अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेलं बरं. ओटा किंवा गॅलरी असेल तर पडदा बाहेरून बांधा. रंग फिका असू द्या, तो ऊन परतवतो. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात पडदा ओला केला तर पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि आत येणारा वारा गार होतो. वाळ्याची ताटीही अशीच काम करते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा ही युक्ती चालत नाही. ओला पडदा विजेच्या बटणांपासून मात्र लांब ठेवा.

चूल, गॅस, देवापुढचा दिवा यांच्याजवळ कुठलाच पडदा नको. सिंथेटिक साडी तर मुळीच नको. ती वितळून अंगाला चिकटते. आणि मिरचीच्या पथारीजवळ राहणाऱ्यांनो, मोसमात पडदा धुतल्यावर डोळे चोळू नका हं!

बंगालमधल्या बायका जुन्या साड्या एकावर एक ठेवून कांथा शिवत. त्यासाठी रंगीत दोरेही साडीच्या काठातूनच काढत. आपली गोधडी तिचीच बहीण. तुमच्या उरलेल्या अडीच मीटरांचं काय करायचं, हे आता वेगळं सांगायला नको.

मग लागा कामाला! पण पेटी उघडण्याआधी आजीजवळ जाऊन बसा. “हे कुणाचं होतं?” एवढंच विचारा. कदाचित ती ‘घे’ म्हणेल, कदाचित ‘हे नको, ते घे’ म्हणेल. गोष्ट मात्र नक्की सांगेल.