गाड्या धुवाव्या, पण कोणत्या पाण्यानें ?

स्वच्छ गाडी मिळणें हा उतारूचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. तेव्हां पाणी वांचविण्याची गोष्ट निघतांच ‘मग गाड्या धुवूंच नयेत काय ?’ असा जो उलट सवाल टाकण्यांत येतो, तो निव्वळ वितंडवाद होय. वाद धुण्याबद्दल नसून, पिण्याजोगें पाणी त्या कामीं ओतण्याबद्दल आहे.

साधा हिशेब करून पाहावा. नळींतून मिनिटास २० लिटर पाणी पडतें आणि एका बसमागें ती १० मिनिटें मोकळी राहते असें धरलें, तर १०० गाड्यांच्या आगारांत रोज २०,००० लिटर पाणी जाईल. २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण आटल्यामुळें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. एवढें पाणी असलें आगार २५ दिवसांत गटारांत घालवील ! त्याच महिन्यांत क्रिकेटच्या मैदानांवरील पाण्याचा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आय. पी. एल. चे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा हुकूम झाला. खेळास जो न्याय लागला, तो धुलाईच्या जागेस लागूं नये काय ?

उपाय अवघड नाहींत. नळीच्या तोंडाशीं चाप बसवावा, म्हणजे हात सुटतांच धार थांबते. साबण लावून ब्रश मारीपर्यंत पाणी बंदच असावें. वाहून जाणारें पाणी हौदांत धरलें, कीं गाळ तळाशीं बसतो व तेल वर तरंगतें. तें काढून घेऊन व पाणी गाळून दुसऱ्या गाडीस वापरावें, आणि शेवटचा हात तेवढा स्वच्छ पाण्याचा द्यावा. आगारांच्या विस्तीर्ण छपरांवरचें पावसाचें पाणी तर फुकटच आहे. रेल्वेनें अनेक ठिकाणीं डबे धुण्याचीं स्वयंचलित यंत्रें बसवून वापरलेलें पाणी पुन्हां घेण्याची सोय केली आहे. तेव्हां हें अशक्य आहे असें बस-खात्यांस म्हणतां येणार नाहीं.

रात्रीं नळी धरून उभ्या असलेल्या मजुरावर दोष ढकलणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. त्याच्या हातीं चाप दिलेला नसतो, आणि पहांटेपूर्वीं किती गाड्या उरकावयाच्या तें वरचे अधिकारी ठरवितात. आमची पहिली मागणी त्यांच्याकडेच आहे : धुलाईच्या जागीं स्वतंत्र मीटर बसवावा, आणि त्याचा दरमहाचा आंकडा स्थानकावर वेळापत्रकाच्या शेजारीं लावावा.