आधी पूर्णविराम, मग नकाशा

मंडळी, आजचा विषय जरा चमत्कारिक वाटेल. नुसत्या अक्षरांवर चालणारे संगणकावरचे खेळ आणि त्यांत आपोआप तयार होणारा नकाशा! सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईला यातले काय कळते, असे म्हणू नका. यात संगणकापेक्षा व्याकरणच जास्त आहे.

या खेळांना 'मड' म्हणतात. चित्र अजिबात नाही. "तुम्ही बाजारात उभे आहात. उत्तरेला देऊळ, पूर्वेला वेस" असा मजकूर येतो. आपण 'उत्तर' टाइप केले की देवळाचे वर्णन येते. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने लिहिला आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेला. असे खेळ आजही चालू आहेत, आणि ते खेळायला मडलेटसारखा क्लायंट फुकट मिळतो.

नुसत्या अक्षरांवर काय भागते, असे कुणी विचारले तर मी आमच्या वारणेकडे बोट दाखवते. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात इथल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे आली. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलचा एसएमएस वापरून पाहिला, आणि उसाची माहिती तेवढ्यावरही मिळू लागली. चार शब्दांचा निरोप पुरतो. अट एकच, साचा ठरलेला हवा.

मडमध्येही सगळी गोम साच्यातच आहे. समोरचे यंत्र बोलून थांबले, आता तुमची पाळी, हे सांगणारी जी ओळ असते तिला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. बहुधा तिच्यात प्राण, मंत्रशक्ती आणि चालण्याची ताकद यांचे आकडे असतात. गंमत म्हणजे या ओळीच्या शेवटी 'ओळ संपली' अशी खूण नसते. मग क्लायंटने ओळखायचे कसे? १९८३ च्या टेलनेट नियमांत त्यासाठी 'गो अहेड' हा इशारा आहे, २५५ आणि २४९ असे दोन आकडे. पण पुष्कळ मड तो पाठवतच नाहीत. मग क्लायंट क्षणभर वाट पाहून अंदाज बांधतो, आणि जाळे मंद असले की अंदाज चुकतो.

मराठीचेही एके काळी असेच होते. मोडीतली पत्रे सलग लिहिलेली असत. विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधीही लोक वाचतच होते, कारण माणसाला वाक्य कुठे संपले ते अर्थावरून कळते. यंत्राला अर्थ कळत नाही. म्हणून पूर्णविराम कसा दिसतो ते आपणच शिकवावे लागते.

ते शिकवणे म्हणजे शब्दाचे मूळ रूप आणि प्रत्यय वेगळे करण्यासारखेच. आकडे बदलतात, त्यांच्याभोवतीची अक्षरे बदलत नाहीत. क्लायंटला सांगायचे: ओळीच्या आरंभी हा कंस, मग कोणताही आकडा, मग हे अक्षर, शेवटी हा कंस. साचा फार सैल ठेवला तर दुसऱ्या खेळाडूचे बोलणेही प्रॉम्प्ट समजले जाते. फार घट्ट ठेवला तर लढाईत ओळीला एखादा शब्द जोडला गेला की ओळख पटत नाही. म्हणून आधी खेळातलाच प्रॉम्प्ट साधा करून घ्यावा.

आता नकाशा. आपण घाईने 'उत्तर, उत्तर, पूर्व' असे तीन हुकूम सोडतो. क्लायंट ते रांगेत लावतो आणि एकेक प्रॉम्प्ट आला की एकेक पाऊल पुढे टाकतो. एक प्रॉम्प्ट हुकला, किंवा दार बंद असल्याने आपण जागीच राहिलो आणि 'जाता येत नाही' ही ओळ त्याला शिकवलेली नसली, की पुढचे प्रत्येक ठिकाण एका घराने सरकते. नकाशा दिसायला सुबक, पण सगळा खोटा! काही मड प्रत्येक ठिकाणाचा क्रमांक स्वतःहून पाठवतात, तिथे ही अडचण नाही. बाकी ठिकाणी एकसारखे वर्णन असलेल्या दोन खोल्या क्लायंटला एकच वाटू शकतात.

यावर काही जुने खेळाडू म्हणतात, आपोआप नकाशा हवाच कशाला, चौकटीच्या कागदावर काढा. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. या खेळांचा पूर्वज 'ॲडव्हेंचर' १९७० च्या दशकात विल क्राउदर यांनी लिहिला. ते स्वतः अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत उतरून तिचे नकाशे करणारे. हाताने मोजलेल्या गुहेतूनच हा खेळ निघाला.

तरीही मला ते मत पटत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची दृष्टी गेली आहे. पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून तो मड खेळतो. डोळस खेळाडूंच्या बरोबरीने खेळता येईल असे खेळ त्याला थोडेच. सुरुवातीला प्रत्येक ओळीनंतर प्रॉम्प्टचे आकडे वाचले जायचे. तो म्हणाला, "बाई, त्या आकड्यांत गोष्टच ऐकू येत नव्हती." त्याने साचा लिहिला, आकडे लपवले, आणि प्राण निम्म्याखाली गेले तरच ते वाचले जावेत अशी सोय केली. नकाशा तो पाहत नाही, पण 'बाजारात ने' म्हटले की क्लायंट त्याला वाट काढून नेतो. त्याला चौकटीचा कागद घे म्हणणारे आपण कोण?

तेव्हा नातवंडांनो, आपोआप नकाशा जरूर लावा. मात्र प्रॉम्प्टचा साचा कुणाचा आयता उचलू नका, स्वतः लिहा. मग पहिल्या वीस खोल्या सावकाश, एकेक हुकूम देत फिरा आणि नकाशा बरोबर उमटतो का ते तपासा. समोरच्याचे बोलणे संपले की नाही हे ज्याला कळते, त्याचाच पुढचा रस्ता बरोबर निघतो. आणि हे काही खेळापुरतेच खरे नाही!