बरे करण्यासाठी नव्हे, तरीही...

कर्करोग शरीरात पसरल्याचे निदान झाले की घरात दोन सूर उमटतात. एक म्हणतो, ‘आता ऑपरेशन कशाला? उगाच हाल.’ दुसरा म्हणतो, ‘काहीही करा, पण ऑपरेशन करा.’ सूर निराळे, पण समजूत एकच : शस्त्रक्रिया म्हणजे रोग मुळासकट काढणे. ही समजूत अपुरी आहे.

१८८१ साली व्हिएन्नात, विख्यात शल्यविशारद बिलरोथ यांचे सहायक अँटन व्योल्फ्लर यांनी एका रुग्णाचे पोट उघडले. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली गाठ काढण्याजोगी नव्हती. त्यांनी ती तशीच ठेवून जठर लहान आतड्याला जोडले आणि अन्नाला दुसरी वाट करून दिली. उपशामक शस्त्रक्रिया म्हणतात ती हीच.

आजही तिचे काम असेच नेमके असते. गाठीने आतडे तुंबले तर पोटावर मलमार्ग काढून देतात. रोगाने पोखरलेले मांडीचे हाड मोडले तर आत सळई घालतात. सळईने आयुष्य वाढेलच असे नाही. पण कुशीवर वळताना होणारी वेदना कमी होते, कधी आधाराने संडासपर्यंत जाता येते. अंथरुणाला खिळलेला माणूस ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

मात्र इथेही जमाखर्च मांडावाच लागतो. रुग्ण फार खंगलेला असेल, पोटात जागोजागी रोग पसरला असेल, तर उरलेले दिवस जखम भरण्यातच संपू शकतात. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : नेमका कोणता त्रास कमी होईल? रुग्णालयात किती दिवस जातील? दुर्बिणीतून नळी बसवण्यासारखा हलका उपाय आहे का? शस्त्रक्रिया नाकारली तर वेदनेवर काय द्याल? नाकारणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. अशा रुग्णांच्या शुश्रूषेसाठी वांद्र्याचे ‘शांती अवेदना सदन’ १९८६ सालीच सुरू झाले.

आणि हे बोलणे रुग्णाच्या खोलीबाहेर कुजबुजत उरकू नये. ‘त्यांना काही सांगू नका’ यामागची माया खरी. पण तिच्यापायी, ज्याच्या पोटावर सुरी चालायची त्यालाच विचारायचे राहून जाते. कुणाला चार घास जेवता यावे असे वाटते, कुणाला फक्त घरी जायचे असते. डॉक्टरांना भेटायला जाण्याआधी एवढे तरी त्याला विचारून घ्यावे.