काचेमागच्या साक्षीदाराची दृष्टी

गाडीच्या डॅशबोर्डावर पहिला मान गणपतीचा. त्याच्या शेजारी कधी साईबाबा, कधी एकवीरा आई, आणि बाहेर बंपरला बांधलेली लिंबू-मिरची. गेल्या काही वर्षांत या मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. आरशामागे काचेला चिकटवलेला तो छोटासा कॅमेरा, ज्याला सगळे जण 'डॅशकॅम' म्हणतात. गाडी सुरू झाली की तो समोरचा रस्ता टिपू लागतो आणि गाडी बंद होईपर्यंत टिपत राहतो. रशियात चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्का फुटली, तेव्हा जगाने पाहिलेल्या चित्रणांपैकी कितीतरी अशाच कॅमेऱ्यांची होती. त्या वेळी आपल्याकडे ही नवलाची गोष्ट होती. आज शहापूरच्या टुरिस्ट गाडीत आणि मुरबाडच्या टेम्पोतही तो दिसू लागला आहे.

दरवर्षी नवी मॉडेले येतात आणि बहुतेकांच्या जाहिरातीचा सूर एकच असतो : चित्र आता अधिक स्पष्ट. आधी 'फुल एचडी', मग 'टू-के', आता 'फोर-के'. आकडा वाढला म्हणजे माल चांगला, हा आपला जुना समज या जाहिरातींच्या पथ्यावर पडतो. पण ही स्पष्टता नेमकी कोणाच्या कामाची, हा प्रश्न विचारल्याशिवाय खिशात हात घालू नये. आपल्या भागापुरते बोलायचे तर त्याचे उत्तर गाडीच्या आत नाही, बाहेर आहे. अंधारात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस हा या स्पष्ट चित्राचा खरा मालक आहे.

आपले रस्तेच पाहा. मुंबई-आग्रा महामार्ग वाशिंद, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी करीत कसारा घाटाकडे जातो. कल्याणहून निघालेला दुसरा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाट चढतो. या दोहोंना शहापूर-किन्हवली-सरळगाव हा रस्ता जोडतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. समृद्धीवर पायी चालायला मनाई आहे. बाकीच्या रस्त्यांवर मात्र माणसे चालतात. पाड्यावरून स्टेशन गाठणारा मजूर, वीटभट्टीवरून परतणारे कुटुंब, सायकलला किटल्या अडकवलेला दूधवाला, आश्रमशाळेतून सुट्टीला घरी निघालेली मुले, रामनवमीच्या सुमारास शिर्डीकडे पायी जाणाऱ्या पालख्या, म्हशाच्या जत्रेला निघालेली बैलजोडी. दिवस मावळला की गावाबाहेर दिव्याचा खांब अभावानेच दिसतो. अशा ठिकाणी एखाद्याला धडक देऊन गाडी निघून गेली, तर मागे उरते ती फक्त फुटलेल्या दिव्याची काच.

पुढचा हिशेब वाचकांनी शांतपणे वाचावा. धडक देणारे वाहन सापडले नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज त्या भागाच्या प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा. वाहन सापडले, तर गोष्ट वेगळी होते. मग दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो आणि भरपाई गेलेल्या माणसाच्या कमाईवरून ठरते. महिना १२ हजार रुपये मिळवणारा तीस वर्षांचा मजूर घ्या. घरात बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीप्रमाणे वर्षाच्या १ लाख ४४ हजारांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार १७ ने गुणायचे. हा आकडा २५ लाख ७० हजारांवर जातो. एकीकडे दोन लाख, दुसरीकडे पंचवीस. मधला फरक एका नंबरप्लेटचा आहे, आणि ती प्लेट वाचता येणे किंवा न येणे हे कधी कधी मागून येणाऱ्या कोणा अनोळखी गाडीतल्या कॅमेऱ्यावर ठरू शकते.

म्हणून चित्राच्या स्पष्टतेला मी चैन मानत नाही. मात्र ती स्पष्टता कशाने येते, हे समजून घेतले पाहिजे. फुल एचडी चित्रात एका ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. जाहिरातीत 'चौपट' म्हणतात ते हेच. पण अक्षर वाचायला उपयोग होतो तो एका ओळीतल्या ठिपक्यांचा, आणि ते केवळ दुप्पट झालेले असतात. मोटारीच्या नंबरप्लेटवरचे अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असते. सुमारे १२० अंशांचे दृश्य टिपणाऱ्या फुल एचडी कॅमेऱ्यात दहा मीटरवरचे हे अक्षर जेमतेम सहा ठिपक्यांचे होते, फोर-केमध्ये बारा. सहा ठिपक्यांत इंग्रजी आठचा आकडा आणि बी हे अक्षर वेगळे काढणे फार अवघड. थोडक्यात, चौपट ठिपक्यांनी वाचनाचे अंतर फार तर दुप्पट होते. हा लाभ खराच आहे, फक्त तो दिवसाउजेडी.

रात्री हिशेब फिरतो. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर चौपट ठिपके बसवले, की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड चौथाई येतो. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. साठच्या वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या तेवढ्या वेळात एकमेकींकडे मीटरभराहून अधिक सरकलेल्या असतात. अक्षरे एकमेकांत कालवली जातात आणि फोर-के असो वा आणखी काही, हाती येतो तो पांढरा फराटा. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटा उजेड उलट फेकतात. आपल्याच हेडलाइटने पुढची प्लेट इतकी उजळते की चित्रात ती कोऱ्या पाटीसारखी दिसते.

नव्या मॉडेलांतली खरी सुधारणा या दोन अडचणींवर आहे, आणि जाहिरातीत मात्र ती बारीक अक्षरांत असते. पहिली सुधारणा अंधारात अधिक पाहणाऱ्या सेन्सरची. सोनी कंपनीने २०२१ मध्ये 'स्टारव्हिस-२' ही मालिका जाहीर केली, ती पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठी, आणि पुढे ती डॅशकॅममध्ये आली. दुसरी 'एचडीआर'ची. यात कॅमेरा एकाच दृश्याची कमी उजेडाची आणि जास्त उजेडाची चित्रे घेऊन ती जोडतो, त्यामुळे प्लेट जळत नाही आणि कडेचा माणूस अंधारात बुडत नाही. याचा उपयोग रात्रीपुरताच नाही. कल्याणहून मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांच्या डोळ्यांवर सकाळी जाताना पूर्वेचा आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचा सूर्य असतो. तिथेही साध्या कॅमेऱ्याला पुढची गाडी म्हणजे नुसती काळी सावली दिसते.

अर्थात यंत्राची हुशारी माळशेजच्या धुक्यापुढे चालत नाही. पावसाळ्यात घाटात दहा हातांवरचे दिसत नसेल, तर कॅमेऱ्यालाही दिसणार नाही. काचेच्या आतल्या बाजूला बसलेला धुळीचा थर आणि झिजलेला वायपर हे दोघे मिळून महागडा कॅमेराही निकामी करतात. काचेवरची चमक मारायला भिंगावर जो फिल्टर बसवतात, तो दिवसा उत्तम, पण रात्री निम्म्याहून अधिक उजेड तोच गिळतो. सांगायचा मुद्दा असा की, दुकानात दाखवतात ते दुपारच्या उन्हातले गुळगुळीत चित्र पाहून भुलू नये. रात्रीचे, पावसातले, चालत्या गाडीतून घेतलेले चित्रण मागावे, ते थांबवावे आणि समोरून गेलेल्या गाडीचा नंबर वाचून पाहावा. शिवाय कमी ठिपक्यांचा सेन्सर घालून मधले ठिपके यंत्राकडून अंदाजाने भरून घेणारे नावापुरते फोर-केही बाजारात आहेत. चांगल्या सेन्सरचा टू-के कॅमेरा त्याहून कितीतरी बरा.

चित्र चांगले आले तरी काम संपत नाही. फोर-के चित्रण सेकंदाला ३० मेगाबिटच्या गतीने साठवले तर तासाला साडेतेरा जीबी जागा खाते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड पाच तासांच्या आत भरते आणि कॅमेरा जुने पुसून त्यावर नवे लिहू लागतो. आपल्या गाडीला धक्का बसला तर तो तेवढा भाग राखून ठेवतो. पण अपघात दुसऱ्याचा असेल आणि आपण केवळ पाहणारे असू, तर धक्काच बसलेला नसतो. तेव्हा गाडी सुरक्षित जागी उभी करून, जखमीची व्यवस्था पाहून, राखून ठेवण्याचे बटण आपल्यालाच दाबावे लागते. खर्डीजवळ पाहिलेला अपघात नाशिकला जाऊन त्याच रात्री परत येईपर्यंत पुसला गेलेला असू शकतो.

आणखी एक सवय मोडायला हवी. चित्रण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि ज्या ठिपक्यांसाठी पैसे मोजले तेच आधी जातात. पोलीस ठाण्यात मूळ कार्डच न्यावे. न्यायालयालाही मूळच हवे असते. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र हवेच, मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर केले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्यात फायलीचा 'हॅश', म्हणजे तिचा आकडेरूपी ठसा, नोंदवावा लागतो. एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो.

यावर दोन आक्षेप हमखास निघतात. एक, रस्त्यावरच्या प्रत्येकाचे असे चित्रण करणे बरे का? आक्षेप रास्त आहे. लोकांची फजिती जगाला दाखवून हसे करणे हा कॅमेऱ्याचा दुरुपयोगच आहे, आणि चित्रण पोलिसांकडे देणे व मोबाइलवर गावभर फिरवणे यांतला फरक आपण पाळला पाहिजे. दुसरा आक्षेप सहसा कुजबुजून घेतात : हा कॅमेरा उद्या आपल्याच विरुद्ध बोलला तर? बोलेल. आपला वेग, आपले ओव्हरटेकिंग, सगळे त्यात येते. पण साक्षीदार आपल्या सोयीचा तेवढाच हवा, असे म्हणून चालत नाही. तो पाहतो आहे या धाकाने पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा उचलला गेला, तर कॅमेऱ्याचे पैसे तिथेच वसूल झाले.

शेवटी एक सूचना. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सरकारने कॅमेऱ्यांचे जाळे उभारले. किन्हवली-सरळगावसारख्या रस्त्याच्या नशिबी ते लवकर येईल असे वाटत नाही. मात्र शहापूर आणि मुरबाड या आगारांच्या एसटी गाड्या या रस्त्यांवरून पहाटेपासून रात्रीपर्यंत धावतात, मुक्कामाला आडगावी जातात. त्यांच्या काचेमागे रात्रीचे पाहू शकणारा चांगला कॅमेरा बसवावा आणि त्यातले चित्रण महिनाभर आगारात जपून ठेवावे. मग किन्हवली किंवा टोकावडे पोलीस ठाण्याला अपघाताच्या वेळी रस्त्यावर कोणती एसटी होती एवढे वेळापत्रकावरून पाहिले तरी चौकशीला धागा मिळेल. एसटीने अनेक वर्षे या पाड्यांची टपाले, डबे आणि माणसे पोचवली आहेत. त्या पाड्यांतल्या एखाद्या घरची साक्षही तिने न्यायालयापर्यंत पोचवावी, ही अपेक्षा जास्त नाही.